यीस्टचे आयुष्य मोजताना

एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षी मी माझ्या प्रकल्पासाठी यीस्टचे आयुष्य मोजत असे. मुंबईतील एका महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत ३० अंश सेल्सिअसला शेकरवर फ्लास्क फिरत असत; दर दोन दिवसांनी त्यांतील थेंबभर द्रव काढायचा, तो हजारो पटींनी विरल करून प्लेटवर पसरायचा आणि उगवलेल्या मलईच्या रंगाच्या वसाहती, म्हणजे प्रत्येकी एका जिवंत पेशीपासून वाढलेले ठिपके, एकेक करून मोजायच्या, असा तो क्रम होता. या हिशेबाला रविवारची सुट्टी नसते, त्यामुळे मेगाब्लॉकच्या दिवशीही डोंबिवलीहून मिळेल त्या गाडीने येऊन मी मोजणी केली आहे.

आपला पाव ज्याने फुगतो तेच हे यीस्ट, सॅकरोमायसिस सेरेव्हिसी. एका पेशीचा हा जीव म्हातारा होतो, ही गोष्ट १९५९ साली मॉर्टिमर आणि जॉन्स्टन यांनी दाखवली. मातृपेशीला कलिका फुटते, ती वाढून वेगळी होते आणि मातेच्या भित्तिकेवर तिचा एक व्रण राहतो. साधारण पंचवीस लेकी झाल्या की माता थांबते, लेक मात्र जवळजवळ कोरे आयुष्य घेऊन निघते. विभाजनांची ही संख्या हे वय मोजण्याचे एक माप झाले. अन्न संपून विभाजन थांबल्यावर पेशी किती दिवस तग धरते, हे दुसरे. आपल्या शरीरातही काही पेशी विभाजित होत राहतात आणि मेंदूतील चेतापेशींसारख्या काही बहुतांशी तशाच टिकून राहतात, म्हणून मला ही दोन्ही मापे सारखीच मोलाची वाटतात.

वार्धक्य लांबवणारी संयुगे शोधायची तर हजारो नमुने चाळावे लागतात, आणि पहिले माप तेथेच अडते. यीस्ट दीड तासात दुप्पट होते. वाढत्या फ्लास्कमध्ये निम्म्या पेशी नवजात असतात, पाव पेशींना एकच लेक झालेली असते, आणि वीस वेळा विभाजित झालेली माता वीस लाखांत एखादी सापडते. म्हणूनच कित्येक दशके संशोधक सूक्ष्मदर्शकाखाली बारीक सुईने प्रत्येक लेक बाजूला सारत बसले. २००९ साली लिंडस्ट्रॉम आणि गॉट्शलिंग यांनी अशी जनुकीय योजना केली की, एस्ट्राडिओल हे संप्रेरक घातल्यावर नव्या लेकींचे विभाजनच थांबते आणि मूळ माता तेवढ्या वाढत राहतात. त्यामुळे वाट बरीच मोकळी झाली. दुसरे माप त्या मानाने सोपे आहे, शहाण्णव खळग्यांच्या प्लेटमध्येही ते घेता येते, आणि मी तेच निवडले होते.

मी शेवग्याच्या पाल्याचा अर्क घेतला होता. अर्क घातलेल्या फ्लास्कमधील यीस्ट कितीतरी जास्त दिवस जगले, आणि तो आलेख मी घरी आईला दाखवला, इतका मला आनंद झाला होता. पुढे माझ्या मार्गदर्शक बाईंनी एकच प्रश्न विचारला, की माध्यमाचा पीएच, म्हणजे ते किती आम्ल आहे, पाहिलास का? पाहिल्यावर कळले की साध्या फ्लास्कमधले माध्यम चांगलेच आम्ल झाले होते आणि अर्काच्या फ्लास्कमधले नव्हते. ग्लुकोजवर वाढताना यीस्ट ॲसेटिक आम्ल बाहेर टाकते आणि त्यातच स्वतः लवकर मरते. माझ्या अर्काने ते आम्ल शमवले होते. पीएच ६ ला स्थिर ठेवलेल्या माध्यमात तोच प्रयोग पुन्हा केला तेव्हा दोन्ही आलेख एकमेकांवर बसले. त्या रात्री मला झोप लागली नाही, पण बाईंनी तो प्रश्न विचारला याबद्दल मी आजही त्यांची ऋणी आहे.

द्राक्षांच्या सालीत असणाऱ्या रेस्व्हेराट्रॉल या संयुगाची कथा याहून मोठी आहे. २००३ साली ते वार्धक्याशी संबंध जोडल्या गेलेल्या सर्ट्युइन या विकरांना (एन्झाइम) चेतवते आणि यीस्टचे आयुष्य वाढवते असे प्रसिद्ध झाले. परंतु २००५ साली असे दिसले की, चाचणीत वापरलेल्या पदार्थाला चमकणारा रेणू जोडलेला होता, तो नसेल तर चेतवणेही दिसत नाही, आणि इतर यीस्ट-वाणांत आयुष्यही वाढत नाही. हळदीबद्दल मला नेहमी विचारले जाते, म्हणून येथेच सांगते, की तिच्यातील कर्क्युमिन स्वतः चमकते आणि प्रकाशावर आधारलेल्या चाचण्यांना सहज फसवते.

यीस्टवरचा माझा विश्वास मात्र रॅपामायसिनमुळे टिकून आहे. प्रशांत महासागरातील रापा नुई (ईस्टर) बेटावरून १९६४ साली आणलेल्या मातीतील जिवाणूपासून सुरेंद्रनाथ सेहगल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे संयुग मॉन्ट्रियलमध्ये वेगळे केले. ते पेशीत नेमके कोठे काम करते, हे १९९१ साली यीस्टनेच सांगितले: औषधाला दाद न देणारी उत्परिवर्तित यीस्ट निवडून टॉर ही जनुके सापडली, आणि पेशीला अन्न मुबलक आहे की नाही याची जाणीव त्यांच्यामार्फत होते हे पुढे उलगडले. २००६ साली रॅपामायसिनने यीस्टचे आयुष्य वाढलेले दिसले; २००९ साली, सहाशे दिवसांचे झाल्यावर ज्यांना ते देण्यास सुरुवात झाली असे उंदीरही, नर आणि माद्या दोन्ही, जास्त जगले. मूत्रपिंड-प्रत्यारोपणाच्या रुग्णांना प्रतिकारशक्ती दाबण्यासाठी देतात ते हेच औषध आहे, म्हणून तारुण्याची गोळी म्हणून ते घेण्याचा विचार कोणी करू नये, असे मला कळकळीने वाटते.

आता मी स्वतः शिकवते. या वर्षी दोन विद्यार्थिनींनी आवळ्याचा अर्क निवडला आहे. त्यांच्या प्रत्येक फ्लास्कशेजारी पीएच स्थिर केलेला दुसरा फ्लास्क आहे, आणि पहिली मोजणी येत्या रविवारी आहे.