घाम येत होता, तरी उष्माघातच

मार्च ते जुलै उष्णतेच्या आजारांची रोज ऑनलाइन नोंद करायची असते. आमच्या आरोग्य उपकेंद्राची नोंद बहुतेक दिवस शून्यच जायची. निफाड तालुक्यात उन्हाळ कांद्याची काढणी जोरात असताना कुठला मजूर भरदुपारी ओपीडीत येणार?

एप्रिलमध्ये आशाताईंचा फोन आला. "मॅडम, सुरगाण्याकडची टोळी आलीय ना, त्यातली एक बाई काहीबाही बरळतेय."

बांधावर पोचले तर मुकादमाचं निदान तयार, पित्त! बाईच्या मुठीत विळा तसाच. गाव विचारलं, तर म्हणाली, "भाकरी टाकायच्यात." अंग घामाने निथळत होतं. मुकादम त्यावरच अडून बसला, "घाम येतोय की. मग ऊन कसं लागलं?" उष्माघात म्हणजे कोरडं अंग, हे बऱ्याच शिकलेल्यांच्याही डोक्यात असतं. पण राबताना लागलेल्या उष्माघातात घाम चालू राहू शकतो. काखेत ताप १०४.५ भरला, आणि काखेतलं माप आतल्यापेक्षा कमीच दाखवतं. त्यात बरळणं. आणखी कसली वाट बघायची?

१०८ला फोन लावला. गाडी येईपर्यंत अंग थंड करणं हाच उपचार. तापाची गोळी इथे कामाची नाही, आणि शुद्ध नीट नसताना तोंडाने पाणीही पाजायचं नाही. मोटार बंद, शेतीची लाइट रात्रीची. एकजण पाठीवरचा फवारणी पंप घेऊन धावत आला, त्याला मी ओरडूनच थांबवलं, औषधाचा पंप तो! शेवटी कांदाचाळीमागच्या टाकीतलं पाणी बादल्यांनी अंगावर ओतलं. मान, काखा, जांघांत ओली फडकी ठेवली. दोघी रिकाम्या गोण्यांनी वारा घालत होत्या. गाडी आली तेव्हा तिने गावाचं नाव बरोबर सांगितलं.

ती येऊन दोनच दिवस झाले होते. अंगाला ऊन सोसायला आठवडा-दोन आठवडे लागतात, पण काम एकरावर उक्तं घेतलेलं. सावलीत कोणी बसलं की सगळ्या टोळीची मजुरी मागे पडते.

अंगात पाणी कमी पडतंय का ते कळावं म्हणून बाकीच्या बायकांना लघवीचा रंग विचारला, तर आधी तोंडाला पदर लावून हसल्या. मग एक म्हणाली, "पाणी पीतच नाही ताई. जायचं कुठं? उघडं रान आहे."

शेतकरी तिथेच उभा होता. पहाटे लवकर सुरू करून अकराला काम थांबवायला तो तयार होईना, भाव उतरतोय म्हणाला. चाळीमागे जुन्या शेडनेटचा आडोसा मात्र संध्याकाळपर्यंत बांधून दिला. तेवढ्यात डोकं दुखतंय म्हणून आणखी दोघी पुढे आल्या. त्यांचीही नावं त्या दिवशीच्या नोंदीत गेली.