नऊ स्वरांचा जल्लोष : इन्व्हर्नेसमध्ये ऐकलेले रेड हॉट चिली पायपर्स

रेड हॉट चिली पायपर्स हा स्कॉटिश वाद्यवृंद प्रत्यक्ष ऐकायचा, आणि तोही स्कॉटलंडमध्येच ऐकायचा, ही माझी फार जुनी इच्छा होती. त्यांची ध्वनिमुद्रणे मी वर्षानुवर्षे ऐकत आले आहे. पण बॅगपाइप, म्हणजे काखेत धरलेल्या पिशवीतली हवा दाबून नळ्यांतून वाजवायचे वाद्य, हे मुळात मोकळ्या माळावर आणि कवायतीच्या मैदानावर वाजणारे असल्याने त्याचा खरा आवाका घरातल्या स्पीकरमधून कळत नाही. यंदाच्या उन्हाळ्यात इन्व्हर्नेसच्या ईडन कोर्ट नाट्यगृहात त्यांचा कार्यक्रम असल्याचे समजताच मी तिकीट काढले आणि स्कॉटलंडच्या सगळ्या प्रवासाची आखणी त्या एका संध्याकाळभोवती केली. आधी ग्लासगो, मग रेल्वेने हायलँड्सचे डोंगर ओलांडून इन्व्हर्नेस, असा तो बेत होता.

ज्यांनी हे नाव ऐकलेले नाही त्यांच्यासाठी थोडी ओळख करून देते. हा वृंद 2002 साली उभा राहिला. त्याच्या संस्थापकांपैकी स्टुअर्ट कॅसल्स हे ग्लासगोच्या रॉयल स्कॉटिश अकॅडमी ऑफ म्युझिक अँड ड्रामा या संस्थेत रीतसर बॅगपाइप शिकलेले वादक. 2007 साली बीबीसीच्या एका प्रतिभाशोध स्पर्धेत हा वृंद पहिला आला आणि घराघरांत पोहोचला. पुढे तीन पाइपर, म्हणजे बॅगपाइपवादक, पाठीशी इलेक्ट्रिक गिटार, बास, कीबोर्ड, ड्रम्स आणि पितळी वाद्ये, अशी त्यांची सर्वसाधारण मांडणी असते. आपल्या संगीताला ते ‘बॅगरॉक’ म्हणतात. पाइपर किल्ट, म्हणजे स्कॉटिश पुरुषांचा चौकड्यांचा घागरा, घालूनच मंचावर येतात, आणि त्यांपैकी अनेकजण नावाजलेल्या पाइप बँडांतून, म्हणजे बॅगपाइप आणि ड्रम यांच्या पथकांतून, स्पर्धा खेळून तयार झालेले असतात. ही शेवटची गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. ती का, ते पुढे येईलच.

ग्लासगोत उतरल्यावर मी सर्वप्रथम काउकॅडन्स भागातल्या नॅशनल पाइपिंग सेंटरमध्ये गेले. 1996 पासून एका जुन्या चर्चच्या इमारतीत ही संस्था चालते. तिथे शिकवणी आहे, छोटे संग्रहालय आहे आणि वाद्यांचे दुकानही आहे. नवशिके विद्यार्थी पिशवी हातात घेण्याआधी बराच काळ केवळ ‘प्रॅक्टिस चँटर’वर बोटे बसवतात. चँटर म्हणजे ज्यावर चाल वाजते ती भोके असलेली नळी. सनईप्रमाणेच तिला दुहेरी पत्ती असते. मी स्वतः पेटी वाजवते, त्यामुळे चँटर पाहताच माझे लक्ष त्याच्या स्वरांकडे गेले. त्यावर नऊच स्वर निघतात. मंद्र सप्तकातला कोमल निषाद, मग सा रे ग म प ध, पुन्हा कोमल निषाद आणि वर तार षड्ज, एवढाच त्याचा पसारा. म्हणजे आपल्या हिशेबाने खमाज थाट, ज्यात फक्त निषाद कोमल असतो, आणि तोही जेमतेम एका सप्तकाचा. खांद्यावर टेकलेल्या तीन नळ्या, म्हणजे दोन टेनर ड्रोन आणि एक बास ड्रोन, अखंड षड्ज धरून ठेवतात. पंचम नाही, मध्यम नाही, नुसता षड्ज.

या वाद्याच्या आणखी दोन अटी आहेत. एक म्हणजे त्याचा आवाज लहानमोठा करता येत नाही. पेटीवर भाता हलका केला की स्वर विरतो. इथे पिशवीवरचा दाब जरा ढळला तरी स्वर बेसूर होतो, म्हणून दाब शेवटपर्यंत समान राखावा लागतो. दुसरी अट अशी की चँटर मध्येच गप्प राहू शकत नाही. एकच स्वर लागोपाठ दोनदा वाजवायचा असेल तर त्या दोहोंमध्ये थांबता येत नाही. मध्ये दुसऱ्या स्वराचा निमिषभर स्पर्श देऊनच ते वेगळे करावे लागतात. या स्पर्शांना ते ‘ग्रेस नोट’ म्हणतात आणि त्यांच्या ठरावीक गुच्छांना ‘डबलिंग’, ‘बर्ल’, ‘टॅओरलुआ’ अशी नावे आहेत. आपल्याकडे कण, खटका आणि मुरकी ही गाण्याची शोभा मानली जाते. या वाद्यात मात्र तोच भाषेचा कणा आहे, कारण त्याशिवाय लयच ऐकू येणार नाही. संग्रहालयात मला आणखी एक गोष्ट कळली आणि तिने फार आनंद झाला. ‘पीब्रॉख’ नावाचे जे संथ, प्राचीन आणि भारदस्त पाइपसंगीत आहे, त्याच्या रचना पूर्वी कागदावर न लिहिता तोंडी अक्षरे गाऊन गुरूकडून शिष्याकडे जात. तबल्याचे बोल जसे आधी जिभेवर चढवतात आणि मग हाताखाली येतात, तशीच ही पद्धत होती, आणि आजही काही गुरू ती पाळतात.

ग्लासगोच्या क्वीन स्ट्रीट स्थानकातून इन्व्हर्नेसची गाडी सुटते. स्टर्लिंग आणि पर्थपर्यंतचा प्रदेश सौम्य, शेतीचा आहे. पर्थ सोडल्यावर डोंगर जवळ येऊ लागतात आणि डंकेल्डनंतर गाडी दाट झाडीत शिरते. मला खिडकीतून पाहायचे होते ते पिटलॉक्री हे छोटेसे गाव, कारण गॉर्डन डंकन या भागातला. 1964 साली जन्मलेला आणि 2005 च्या डिसेंबरमध्ये अकाली गेलेला हा पाइपर नगरपालिकेच्या कचरागाडीवर काम करत असे, आणि त्याच्या काळातल्या सर्वांत धाडसी वादकांमध्ये त्याची गणना होते. ठरावीक स्वरांच्या अधेमधे बोटे सरकवून तो वाद्यातून असे स्वर काढी की जुनी मंडळी अस्वस्थ होत. पाइपच्या जगातले एक बडे शिक्षक आणि समीक्षक सीमस मॅकनील यांनी त्याच्या वादनावर कडक टीका केली, तेव्हा त्याने 1994 च्या आपल्या ध्वनिमुद्रिकेला ‘जस्ट फॉर सीमस’ असे नाव दिले. एसी/डीसी या रॉक वृंदाचे ‘थंडरस्ट्रक’ हे गाणे बॅगपाइपवर आणले तेही त्यानेच, आणि 2003 च्या त्याच्या ध्वनिमुद्रिकेचे नावही तेच आहे. त्याच्या कितीतरी स्वतंत्र रचना आज जगभरातले अव्वल पाइप बँड स्पर्धेत वाजवतात. चिली पायपर्ससारखे वृंद ज्या वाटेने आज मोकळेपणाने चालतात, ती वाट मळण्याचे बरेचसे श्रेय मी या माणसाला देते. पिटलॉक्रीच्या फलाटावर गाडी जेमतेम थांबली. तेवढ्यात जे दिसले ते डोळे भरून पाहून घेतले.

पुढे ड्रमॉक्टरची खिंड लागते. ब्रिटनच्या मुख्य रेल्वेमार्गांवरचे हे सर्वांत उंच ठिकाण, समुद्रसपाटीपासून सुमारे 452 मीटर. दोन्ही बाजूंना उघडे, गोलाकार डोंगर आणि त्यांवर पसरलेला हेदर या झुडपाच्या फुलांचा जांभळा रंग. मग डॅलविनी, किंगुसी, अॅव्हीमोर ही स्थानके भराभर मागे पडली आणि दुपारी इन्व्हर्नेस आले.

ईडन कोर्ट हे नाट्यगृह नेस नदीच्या अगदी काठावर आहे. कार्यक्रमाच्या तासभर आधीच तिथे गर्दी जमली होती. हातात काठी घेतलेले आजोबा, त्यांच्या कडेने उड्या मारणारी नातवंडे, किल्ट घातलेली तरुण मुले आणि काळे टी-शर्ट घातलेले रॉकप्रेमी असे सगळे एकाच रांगेत होते. माझी जागा मंचाच्या डाव्या बाजूला, पुढून तिसऱ्या ओळीत होती, त्यामुळे पाइपरांची बोटे स्पष्ट दिसत होती.

दिवे मंदावले आणि प्रथम फक्त ड्रोन ऐकू आले. बॅगपाइप सुरू करण्याची एक शिस्त असते. पिशवीवर चापट मारून ड्रोन जागे करायचे आणि लगेच कोपराचा दाब वाढवून चँटरचा पहिला स्वर काढायचा. हे तिघांनी एकाच क्षणी साधले नाही तर सुरुवातीलाच कळकट आवाज येतो. इथे तिघांचा पहिला स्वर एकाच माणसाने वाजवल्यासारखा नितळ आला. त्यापाठोपाठ ड्रम्स आणि गिटार असे कोसळले की खुर्चीचे हात थरथरले. माझ्या सर्वांत जवळच्या पाइपरच्या चँटरवर दोन भोकांच्या वरच्या कडेला काळी चिकटपट्टी लावलेली दिसत होती. भोक किंचित बुजवून स्वर केसभर उतरवण्याची ही पाइपरांची नेहमीची युक्ती आहे. कीबोर्डशी जुळवून घ्यायचे तर हे लागतेच. स्पर्धांमधल्या पाइप बँडांचा षड्ज गेल्या काही दशकांत चढत चढत काळी पाचच्या, म्हणजे पेटीवरच्या सप्तकातल्या पाचव्या काळ्या पट्टीच्याही, वर गेला आहे, म्हणून गिटार-कीबोर्डसोबत वाजवणारे पाइपर नेमक्या काळी पाचला जुळणारे वेगळे चँटर वापरतात. मंचावरचा सगळा गदारोळ इतक्या बारीक सुरेलपणावर उभा होता.

क्वीन या वृंदाचे ‘वुई विल रॉक यू’ सुरू झाले तेव्हा सगळे नाट्यगृह पायांनी ठेका धरू लागले. पाइपवर रॉक इतका चपखल का बसतो, याचे उत्तर मला त्या गाण्यात सापडले. त्याच्या ध्रुवपदाची चाल चँटरवर म ग रे सा रे अशी बसते आणि रिषभावर विसावते. मूर्च्छनेचा, म्हणजे दुसऱ्याच स्वराला षड्ज मानून तेच स्वर पाहण्याचा, विचार केला तर चँटरच्या रिषभाला षड्ज मानून रे म प ध सा हे पाच स्वर घेतले की धानी रागाचे स्वर मिळतात, आणि रॉकच्या असंख्य चाली नेमक्या याच पाच स्वरांत बांधलेल्या असतात. शिवाय खमाज थाटातला तो कोमल निषाद रॉकलाही तितकाच प्रिय आहे. जिथे गाण्याचा आधारस्वर सतत बदलतो तिथे अखंड षड्ज आड येतो, आणि अशा वेळी अनेक आधुनिक पाइपर ड्रोन बंद ठेवतात. पण जिथे ड्रोन चालू राहिला तिथे गिटारचे स्वर त्या षड्जाभोवती फिरताना ऐकणे हा माझ्यासाठी त्या रात्रीतला सर्वांत मोठा आनंद होता.

मध्ये केवळ ड्रमचा एक भाग झाला. स्कॉटिश पाइप बँडचा स्नेअर ड्रम इतका ताणलेला असतो की त्याचे कातडे पूर्वीसारखे जनावराचे न ठेवता केव्हलारसारख्या मजबूत धाग्याचे वापरतात. त्यावर काड्या पडल्या की ताशाची तर्री आठवते. मिरवणुकीत ढोलांच्या गडगडाटावर ताशा जसा तडतडत उठून दिसतो, अगदी तसा. वादक काड्या हवेत उडवत होते, एकमेकांच्या ड्रमवर वाजवत होते, आणि तरीही एकही ठोका मागेपुढे होत नव्हता. माझ्या शेजारची आठ-नऊ वर्षांची मुलगी श्वास रोखून बघत होती.

त्यानंतर एकच पाइपर पुढे आला आणि त्याने एक संथ हायलँड चाल वाजवली. आवाज कमी-जास्त करता येत नसताना करुण रस कसा उभा राहतो, हे त्या पाच-सहा मिनिटांत मला कळले. तो स्वर लांबवत होता. अपेक्षेपेक्षा क्षणभर अधिक, आणि मग ग्रेस नोटेच्या एका झटक्याने पुढच्या स्वरावर येत होता. सगळा भाव काळाच्या त्या ओढाताणीत होता. माझे बालपण बेळगावात गेले. तिथल्या मराठा लाइट इन्फंट्री केंद्राचा पाइप बँड मी लहानपणी ऐकलेला आहे. पण संचलनाची ती तालबद्ध धून आणि ही एकाकी, रेंगाळणारी चाल एकाच वाद्याची आहे, हे त्या रात्रीपर्यंत मला मनापासून जाणवले नव्हते.

अशा वृंदांविषयी एक आक्षेप नेहमी ऐकू येतो की हा परंपरेचा तमाशा आहे. प्रकाशझोत आणि गिटार काढून घेतले तर हाती काय उरते? मला हे मुळीच पटत नाही. शेवटच्या भागात त्यांनी गिटार आणि कीबोर्ड बाजूला ठेवून तीन पाइप आणि ड्रम यांवर पारंपरिक रील, म्हणजे जलद नृत्यधुना, वाजवल्या. एवढ्या वेगात तिघांची प्रत्येक ग्रेस नोट एकत्र पडत होती, आणि शेवटचा स्वर तर तिघांनी असा एकदम तोडला की मागे ड्रोनची शेपटीही राहिली नाही. पाइप थांबवणे हे सुरू करण्याइतकेच अवघड असते. पिशवीत हवा उरलेली असताना सगळ्या नळ्या एकाच क्षणी गप्प करायच्या असतात. हे स्पर्धेच्या वर्तुळात वर्षानुवर्षे उभे राहिल्याशिवाय येत नाही. ज्याला नऊ स्वरांत सगळे साधते त्यालाच विजेची वाद्ये पेलतात, असे माझे ठाम मत झाले आहे. गॉर्डन डंकनही आधी व्हेल ऑफ अॅथॉल पाइप बँडमध्ये घडला होता, हे इथे सांगायला हवे.

ब्रिटनमध्ये राहणाऱ्या किंवा तिकडे फिरायला जाणाऱ्या मराठी वाचकांना माझे आग्रहाचे सांगणे आहे की शक्य असेल तर ऑगस्टच्या मध्यास जावे. त्या सुमारास ग्लासगोत ‘पाइपिंग लाइव्ह’ महोत्सव भरतो आणि त्याच आठवड्याच्या अखेरीस ग्लासगो ग्रीन या मैदानावर जागतिक पाइप बँड अजिंक्यपद स्पर्धा होते. परंपरा आणि नवे प्रयोग दोन्ही एकाच फेरीत ऐकायला मिळतात. आधी पाइपिंग सेंटरमध्ये तासभर घालवावा, म्हणजे पुढे काय ऐकायचे ते कळते. बंद सभागृहात लहान मुलांसाठी कानात घालायचे बोळे न विसरता न्यावेत. आणि जागा निवडताना मधोमध बसण्यापेक्षा पाइपरांची बोटे दिसतील अशी कडेची, पुढची जागा घ्यावी. भाव थोडा जास्त पडला तरी चालेल.