स्टेपनी मागे नको, साहेब

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत माझं फॅब्रिकेशनचं शेड आहे. मुख्य काम उसाच्या ट्रॉल्यांचं. गाळप सुरू व्हायच्या आधी दुरुस्तीला रांग लागते, हंगाम संपला की गेट आणि ग्रिल. लोकांना वाटतं वेल्डिंग म्हणजे ठिणग्या. खरं काम मापाचं असतं, आणि गिऱ्हाइकाला नाही म्हणण्याचं.

मे महिन्यात एक साहेब एसयूव्हीला छोटा कॅम्पिंग ट्रेलर जोडून आले, सोबत वहिनी. ट्रेलर बाहेरगावी बनवलेला, वरून चकाचक. तक्रारी दोन. मागचं दार नीट लागत नाही, आणि तुळजापूरचा घाट उतरताना ट्रेलर शेपटी हलवल्यासारखा डावी-उजवीकडे झुलतो. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध असेल असं त्यांच्या मनातही नव्हतं.

दार बघितलं. 25 मिमीचा चौकोनी पाइप, वर ॲल्युमिनियमचा पत्रा, आणि त्या पत्र्याला बोल्ट मारून लटकवलेली चौदा इंची स्टेपनी. बोल्टच्या भोकांपासून पत्र्याला तडे गेलेले. वरची बिजागरी वाकलेली. आतून आधाराची प्लेटसुद्धा नव्हती. करणाऱ्यानं पैसे मात्र पूर्ण घेतले असणार.

साहेब म्हणाले, "बिजागऱ्या जाड टाका, आतून पट्टी मारा, स्टेपनी तिथंच राहू दे. मागे असली की रुबाब येतो." फोनमधले फोटोही दाखवले. फोटोतल्या गाड्या उभ्या असतात, हे त्यांना सांगायचं जिभेवर आलं होतं.

वहिनींनी मात्र मुद्द्याचं विचारलं. "पंक्चर झाल्यावर एवढ्या उंचीवरनं हे काढणार कोण? यांची कंबर तर गेलीय."

मी तोंडी वाद घालत नाही, वजन करून दाखवतो. रोडवरच्या वजनकाट्यावर सामानासकट ट्रेलर 610 किलो भरला. मग शेडमध्ये आणून चाकांना लाकडी पाचरी लावल्या, घरात असतो तसा वजनाचा काटा पुढच्या कपलरखाली, म्हणजे गाडीच्या हुकाला अडकणाऱ्या ट्रेलरच्या नाकाखाली ठेवला आणि काट्यावर गाडीच्या हुकाच्या उंचीचा सागवानी ठोकळा उभा केला. उंची तीच हवी. नाक वर किंवा खाली झालं की आकडा खोटं बोलतो. काटा थांबला 38 वर. म्हणजे एकूण वजनाच्या सहा टक्क्यांच्या आसपास. अशा ट्रेलरचं नाक दहा ते पंधरा टक्के भार हुकावर टाकणारं हवं. कमी असेल तर वेग वाढला की मागचं वजन पुढच्याला हलवायला लागतं. जास्त झालं तर गाडीचं बूड बसतं, हेडलाइट आभाळाकडे बघतात आणि पुढची चाकं हलकी होतात.

हिशेब अगदी तराजूचा. एक्सलपासून कपलर आठ फूट पुढे, स्टेपनी साडेपाच फूट मागे, वजन चौदा किलो. मागे टांगली की ती नाकावरचे साधारण साडेनऊ किलो उचलून घेते. तीच एक्सलच्या सहा फूट पुढे आणली की साडेदहा किलो टाकते. वीस किलोंचा फरक, तोही एका चाकाच्या जागेमुळे. माझ्या वेल्डरनं हे खडूनं फरशीवर मांडलं, तेव्हा साहेब पहिल्यांदा गप्प झाले.

मग खालून लावायची कल्पना निघाली. नको. टायर बसला की ट्रेलर त्या बाजूला खाली बसतो आणि खालची स्टेपनी ओढून काढायला जागाच उरत नाही. त्यात आपल्याकडच्या काळ्या मातीचा चिखल एकदा लागून वाळला की नट फिरत नाही. बाजूला लावली तर एका चाकावर भार. टपावर चढवायला वहिनींचाच प्रश्न पुन्हा. साहेबांनी शेवटचा बाण सोडला, "सरकारनंच स्टेपनीची सक्ती काढली ना?" 2020 चा तो बदल साडेतीन टनांपर्यंतच्या प्रवासी गाड्यांसाठी आहे. तिथं ट्यूबलेस टायर, टायरमधल्या हवेवर लक्ष ठेवणारी यंत्रणा आणि दुरुस्तीचं किट असेल तर सवलत. दोन चाकांच्या ट्रेलरचं एक चाक फुटलं की तो तिथंच बसणार.

शेवटी स्टेपनी ट्रेलरच्या पुढच्या, कपलरपर्यंत जाणाऱ्या दांड्यांवर आडवी टाकायची ठरली. दांड्या 75 बाय 40 च्या चॅनलच्या. त्यांच्यावर मी वेल्डिंग करत नाही. सगळी ओढ तिथूनच जाते, तापवलेल्या जागेशेजारी तडा कधी जाईल सांगता येत नाही. सहा मिमीची प्लेट, दोन यू-बोल्ट, डबल नट. म्हणजे पुढेमागे सरकवताही येते. जॉकी व्हीलचं, म्हणजे ट्रेलरचं नाक टेकवायच्या छोट्या चाकाचं हँडल पूर्ण फिरतंय का, गाडीचं मागचं दार उघडतंय का, पूर्ण वळणात बंपरचा कोपरा टायरला लागतोय का, हे सगळं आवारात गाडी रिव्हर्स घेऊन बघितलं. हवेचा वॉल्व्ह वरच्या बाजूला, नाहीतर स्टेपनीची हवा कुणी तपासत नाही. नट चाकाच्याच मापाचे, म्हणजे पाना एकच.

आणि इथं एक वेगळीच गोष्ट उघडी पडली. प्लेटला स्टडची भोकं पाडायला वेल्डरनं माप स्टेपनीवरून न घेता ट्रेलरच्या हबवरून, म्हणजे चाक जिथं बसतं त्या तबकडीवरून घेतलं. चार स्टड, 100 मिमीच्या वर्तुळावर. स्टेपनी ठेवली तर बसेना. त्याला वाटलं ड्रिल सरकलं. मी व्हर्नियर, बारीक माप घ्यायची पट्टी, लावला. स्टेपनीची चार भोकं 114.3 मिमीच्या वर्तुळावरची. दुसऱ्याच कुठल्या तरी गाडीचं चाक, चकचकीत काळं रंगवलेलं, कोरा टायर चढवलेलं. ते या ट्रेलरला कधीच लागलं नसतं.

साहेबांना खरंच वाटेना. आम्ही त्यांच्यासमोर ट्रेलर जॅकवर घेतला, चाक काढलं, स्टेपनी हबला टेकवली. वहिनी म्हणाल्या, "गोव्याला याच्यावरच गेलो होतो आपण." साहेब बराच वेळ त्या चाकाकडे बघत बसले. ज्यानं ते लावलं त्याला माहीत नव्हतं की माहीत असून लावलं, हे मला अजून कळत नाही. माहीत नसेल तर त्यानं हा धंदा करू नये. माहीत असेल तर काय बोलणार.

जुन्या स्पेअरच्या दुकानातून 165/80 आर14 चं योग्य चाक आणलं. नाकावर 58 भरले, दहा टक्क्यांना थोडे कमीच. मागच्या बाजूची चाळीस लिटरची पाण्याची टाकी रिकामी केली तर 73. "टाकी मुक्कामाला पोचल्यावर भरा," असं दोनदा सांगितलं.

दाराला नवीन चौकट केली, पत्रा बदलला. साहेबांनी तिथं स्टेपनीचं रिकामं कव्हर तेवढं लावून मागितलं. आत पत्र्याची हलकी रिंग, बाकी हवा. वेल्डरचं म्हणणं, लावूच नका, उद्या त्यात काहीतरी भरतील. माझं म्हणणं, गाडी त्यांची. लावून दिलं.

परवा विजयपूरहून फोन आला. ट्रेलर आता झुलत नाही, नव्वदला पण सरळ. खूश होते. फोन ठेवता ठेवता म्हणाले, "त्या कव्हरात दोन फोल्डिंग खुर्च्या आणि गॅसची शेगडी मस्त बसते ओ मालक." मी विचारलं, किती किलोची? ते म्हणाले, हलकीच आहे.