कडबनवाडीचा माळ आणि लांडगे

लांडगा बघायला जंगलात जायचं हे डोक्यातून आधी काढून टाका. आपल्याकडचा लांडगा राहतो माळावर, बोडक्या, काटेरी, उन्हानं करपलेल्या गवतात, आणि त्यासाठी पुण्याहून फार लांबही जावं लागत नाही. आम्ही दिवाळीच्या थोडं आधी सोलापूर हायवेनं पहाटेच निघालो, भिगवणला चहा मारला आणि हायवे सोडून इंदापूर तालुक्यातल्या कडबनवाडीला पोचलो. इथं वनखात्यानं गवताळ सफारी सुरू केलीय, गाईड आसपासच्या गावातलीच पोरं असतात आणि खरं सांगायचं तर सगळी मजा त्यांच्यामुळेच.

सुरुवातीला चिंकारा, मग खोकड, मग बराच वेळ नुसतं गवत. गाईड म्हणाला, "दादा, डावीकडं बांधावर बघा, बसलाय त्यो." मला तर दगडच दिसत होता. मग त्या दगडानं कान हलवले!

एक उठला, मागून अजून दोन. अंगानं बारीक, पाय लांब, रंग अगदी वाळल्या गवताचा. फोटोत बघतो ते बर्फातले केसाळ लांडगे कुठे आणि हे कुठे, आपला जेमतेम वीसेक किलोचा, केस पण विरळ, कारण उन्हात राहायचंय ना. पण वंश फार जुना, जनुकीय अभ्यासात भारतीय लांडगा हा करड्या लांडग्यांच्या सगळ्यात प्राचीन शाखांपैकी एक निघालाय.

आयुष्य मात्र थोडं. प्राणिसंग्रहालयात बारा-तेरा वर्षं काढतो, माळावर सहा-आठ म्हणजे खूप झाली, कारण पिल्लं हिवाळ्यात बिळात जन्मतात आणि त्यातली बरीच पहिलं वर्षसुद्धा बघत नाहीत, मोठी झाली तरी रस्त्यावर गाडीखाली येणं, विषप्रयोग आणि गावातल्या कुत्र्यांकडून येणारे डिस्टेंपर-रेबीजसारखे जीवघेणे रोग आहेतच. त्याच कुत्र्यांशी संकरही होतो, पुण्याजवळ असा एक संकरित प्राणी तपासणीत पक्का सापडलाय. मला विचाराल तर बंदुकीपेक्षा हे वाईट, कारण यात कुणाला पकडणार?

पुढे एक मेंढपाळ मामा भेटले, वाघूर म्हणजे जाळीचं कुंपण लावून मेंढरं बसवलेली. लांडग्याचा राग येत नाही का विचारलं तर म्हणाले, "राग येतो की, पण माळ त्याचा बी हाय. एखादं कोकरू नेतो, आमी आरडाओरडा करतो, त्यो पळतो." त्यांची खरी तक्रार वेगळीच होती, चराईचे माळ कमी झाले, ऊस आला, प्लॉटिंग आलं, कुंपणं आली. आता विचार करा, लांडग्याची तक्रार पण नेमकी हीच असणार. सरकारी कागदावर असले माळ कित्येक ठिकाणी 'पडीक' म्हणून लागलेत, पडीक म्हटलं की कुणालाही द्यायला मोकळे. नशिबानं आसपासच्या पोल्ट्र्यांबाहेर मेलेल्या कोंबड्या टाकतात, त्यावर लांडगे बऱ्यापैकी भागवतात.

जगात करडा लांडगा उत्तर अमेरिकेपासून सैबेरियापर्यंत पसरलाय, म्हणून आययूसीएनच्या, म्हणजे कुठल्या प्राण्याला किती धोका ते ठरवणाऱ्या जागतिक संस्थेच्या यादीत एकूण जात 'चिंता नाही' गटात, आणि त्या भल्यामोठ्या आकड्यामागे आपला लांडगा बरीच वर्षं झाकला गेला, 2025मध्ये कुठे त्याची वेगळी नोंद 'असुरक्षित' म्हणून झाली. भारतात अंदाजे 3,000च्या आसपासच उरलेत, म्हणजे वाघांपेक्षाही कमी! तसं 1972च्या वन्यजीव कायद्यात तो अनुसूची एकमध्ये, म्हणजे वाघाइतकंच संरक्षण, पण वाघाला राखीव जंगलं मिळाली आणि याचा बहुतेक संसार अभयारण्यांच्या बाहेर, शेताच्या बांधावर. झारखंडातलं महुआडांड खास लांडग्यांसाठीचं अभयारण्य आहे, पण माहितीय किती जणांना?

जाणार असाल तर बुकिंग आधी ऑनलाइन करा, पहाटेचीच सफारी घ्या, दुपारी काही दिसत नाही. बीळ दिसलं तर जवळ जाऊ नका आणि लोकेशन तर अजिबात टाकू नका. येताना भिगवणला मासे खा, चिलापी फ्राय एक नंबर.