‘पाकिजा’ची दुसरी एलपी आणि माझ्या तीन फेऱ्या

‘पाकिजा’ चित्रपटाच्या गाण्यांची नेहमीची एलपी, म्हणजे मोठी तबकडी, जुन्या बाजारात अजूनही सापडते. मला हवी होती १९७७ साली निघालेली ‘पाकिजा रंग बरंग’. संगीतकार गुलाम मोहम्मद १९६८ सालीच गेले, चित्रपट मराठा मंदिरला लागला तो फेब्रुवारी १९७२ मध्ये, आणि त्यांनी बांधलेली कितीतरी गाणी पडद्यावर आलीच नाहीत. त्यातली ९ या तबकडीवर आहेत. आपल्या सुमन कल्याणपूर आहेत, शमशाद बेगम आहेत. बाकीची ‘पाकिजा’ सगळ्यांकडे असते. ही उरलेली गाणी माझ्या घरात हवीत, हे वर्षानुवर्षं मनात होतं.

लंडनच्या एका विक्रेत्याकडे सापडली. पैसे भरले, ९ दिवसांत पार्सल भारतात आलं आणि कस्टमला अडकलं.

पत्र आलं, किमतीचा पुरावा द्या. बिल, आधार, पॅन घेऊन गेलो. ‘बिलावर सही नाही.’ सही मागवली, परत गेलो. ‘बँकेचं स्टेटमेंट कुठंय?’ अहो, मग हे पहिल्याच फेरीत का नाही सांगितलं? उत्तर नाही, दुसऱ्या खिडकीकडे बोट. त्यात एप्रिल महिना. माझं पार्सल आत खिडकीखाली भिंतीला तिरकं टेकवलेलं दिसत होतं, दुपारचं ऊन थेट त्यावर. उन्हानं तबकडी वाकली की सुई हेलकावे खाते, सूर डगमगतो. ‘साहेब, तेवढं सावलीत सरळ उभं ठेवा,’ मी हात जोडले. ‘जुनी रेकॉर्डच आहे ना?’ म्हणाले. तो सूर अजून डोक्यातून जात नाही. शेवटी एका शिपाईदादांनी ते उचलून कपाटाच्या आड ठेवलं. त्यांचे उपकार मी विसरणार नाही.

तिसऱ्या फेरीत ड्युटी भरली, पार्सल हातात आलं. तुम्ही मात्र पहिल्या पत्रालाच बिल, स्टेटमेंट, विक्रीच्या पानाची प्रिंट, ओळखपत्र सगळं एकदम द्या, आणि दिल्याची पोच घ्या.

घरी आल्या आल्या तबकडी डोळ्यांच्या रेषेत धरून पाहिली. सपाट! सुमनताईंचं गाणं मी उभ्या उभ्याच ऐकलं.

आणि हो, मागवतानाच विक्रेत्याला सांगा, तबकडी कव्हरातून काढून शेजारी वेगळी ठेवा, नाहीतर प्रवासात ती आतून आपटून कव्हर फाडते. मी सांगायला विसरलो. माझ्या कव्हराची वरची कड दोन इंच उसवली आहे.