ड्युटेरॉन: जेमतेम जुळलेली जोडी

अणुकेंद्रकाला धरून ठेवणारं बल समजून घ्यायचं असेल, तर युरेनियम-लोखंडाच्या मागे न लागता ड्युटेरॉनपासून सुरुवात करावी. एक प्रोटॉन, एक न्यूट्रॉन, बस्स. दोन धनभारांची ढकलाढकली इथे नाहीच, त्यामुळे केंद्रकीय बल निखळ दिसतं.

आधी वस्तुमानांचा हिशेब, एमईव्हीमध्ये, म्हणजे दशलक्ष इलेक्ट्रॉनव्होल्ट या ऊर्जेच्या एककात. प्रोटॉन ९३८.२७२, न्यूट्रॉन ९३९.५६५, बेरीज १८७७.८३७. ड्युटेरॉन भरतो १८७५.६१३. तूट २.२२४, हीच बंधनऊर्जा, म्हणजे जोडी फोडायला लागणारी ऊर्जा. इथे एक चूक हमखास होते. तक्त्यातून ड्युटेरियमच्या (ड्युटेरॉन हे केंद्रक असलेल्या जड हायड्रोजनच्या) अणूचं वस्तुमान उचललं जातं आणि समोर प्रोटॉन मात्र सुटा धरला जातो. अणूच्या आकड्यात इलेक्ट्रॉनचे ०.५११ असतात, म्हणून उत्तर १.७१ येतं. प्रोटॉनच्या जागी हायड्रोजनचा अणू घ्या, नाहीतर दोन्हीकडे नुसती केंद्रकं ठेवा.

हेलियम-४ ची बंधनऊर्जा २८.३ आहे, कणामागे ७ च्या वर. ड्युटेरॉनमध्ये कणामागे जेमतेम १.१. बल कमजोर आहे म्हणून? नाही. त्याची ओढ दोनेक फेम्टोमीटरपर्यंतच (फेम्टोमीटर म्हणजे मीटरचा एक हजार-अब्जांश भाग भागिले हजार) पोचते आणि एवढ्याशा जागेत कोंडलेला कण स्वस्थ बसत नाही. जागा जितकी अरुंद, तितकी त्याची गतिज ऊर्जा जास्त. २.१ फेम्टोमीटर त्रिज्येचा, सरळ भिंतींचा ऊर्जेचा खड्डा कल्पून (आत बलाची ओढ, बाहेर काहीच नाही) गणित केलं, तर जोडी टिकायलाच सुमारे २३ एमईव्ही खोली लागते. प्रत्यक्ष खोली येते साधारण ३५. जोडीची पातळी काठापासून फक्त २.२ खाली, तळापासून जवळपास ३३ वर. म्हणून या गणितात ती अर्ध्याहून जास्त वेळ खड्ड्याच्या बाहेरच सापडते, बलाच्या टप्प्यापलीकडे! मला ड्युटेरॉनची ही गोष्ट सगळ्यात विलक्षण वाटते.

हे बल फिरकीवरही, म्हणजे कणांच्या अंगभूत स्पिनवरही, अवलंबून असतं. दोघांच्या फिरकी एकाच दिशेला असल्या तरच जोडी जमते. उलट असल्या की खड्डा थोडा उथळ पडतो आणि तेवढ्यानेच बिनसतं. दोन प्रोटॉनांचं केंद्रक टिकत नाही ते प्रतिकर्षणामुळे, असं सर्रास सांगितलं जातं. मग दोन न्यूट्रॉन का टिकत नाहीत? त्यांना तर भारच नाही. खरं कारण पाउलीचा नियम: सारख्या कणांना सर्वांत खालच्या अवस्थेत एकाच दिशेची फिरकी घेता येत नाही, आणि उलट फिरकीचा खड्डा पुरत नाही. प्रतिकर्षण ही वरची भर.

सुट्या न्यूट्रॉनचं अर्धायुष्य साधारण १० मिनिटं. ड्युटेरॉनमधला मात्र टिकून राहतो. तो सुट्या न्यूट्रॉनसारखा प्रोटॉन आणि इलेक्ट्रॉनमध्ये फुटला तर उरतील दोन प्रोटॉन आणि एक इलेक्ट्रॉन, मिळून १८७७.०५५. हातात आहेत १८७५.६१३. तेवढी ऊर्जा आणायची कुठून?

बाहेरून २.२२ च्या वरचा गॅमा किरण आदळला, तर मात्र जोडी फुटते. चॅडविक आणि गोल्डहाबर या भौतिकशास्त्रज्ञांनी १९३४ मध्ये थोरियमच्या किरणोत्सारी मालिकेतला २.६२ एमईव्हीचा गॅमा वापरून हेच केलं होतं. जड पाणी (हायड्रोजनच्या जागी ड्युटेरियम असलेलं पाणी) वापरणाऱ्या अणुभट्ट्यांत, म्हणजे आपल्या तारापूरच्या ३ आणि ४ क्रमांकाच्या भट्ट्यांतही, हे आपोआप घडतं. भट्टी बंद केल्यावरही इंधनात बेरियम-१४० उरतं, अर्धायुष्य पावणेतेरा दिवस. त्यापासून लँथॅनम-१४० बनतं आणि त्याच्या गॅमा किरणांपैकी काही २.५२ एमईव्हीचे असतात. ते जड पाण्यातले ड्युटेरॉन फोडत राहतात, आणि साखळी प्रक्रिया थांबून कित्येक दिवस झाले तरी न्यूट्रॉन मोजणारी उपकरणं शून्यावर येत नाहीत.