१७ इंचांचं टेबल आणि अंधारी खोली

बाईंची वेळ सकाळी दहाची होती. डावी पोटरी सुजलेली, रक्ताची गुठळी असल्याचा संशय, म्हणून पायाची सोनोग्राफी. बाई व्हीलचेअर वापरतात, त्यांना ऐकू येत नाही आणि त्या अमेरिकन सांकेतिक भाषेत बोलतात. मणक्याच्या दुखापतीमुळे कमरेखाली संवेदना नाही. त्यामुळे पाय दुखतो का, हे विचारून काहीच कळणार नव्हतं. अमेरिकेतल्या या दवाखान्यात अपंग रुग्णांच्या सोयी पाहणं हे माझं काम. आदल्या दिवशीच्या यादीत तिन्ही गोष्टींपुढे ‘आहे’ लिहिलेलं होतं: खाली येणारं टेबल, खुर्चीसकट वजन करणारा काटा, व्हिडिओवरचा दुभाषी. तिन्ही गोष्टी होत्याही. तरी बाईंना सव्वा तास खोळंबावं लागलं.

आधी टेबल. अपंगांच्या सोयींची मानकं ठरवणाऱ्या अमेरिकेच्या अ‍ॅक्सेस बोर्डाच्या २०१७ च्या मानकात टेबलाची सगळ्यात खालची उंची १७ ते १९ इंच चालत होती; २०२४ मध्ये बोर्डाने ती १७ इंच केली. आमचं टेबल कागदोपत्री १७ इंचांचं. मेजपट्टी लावली तर साडेएकोणीस भरलं. रुग्णांना मऊ वाटावं म्हणून कुणीतरी वर अडीच इंचांची जादा गादी टाकली होती. बाईंच्या खुर्चीची बैठक १९ इंच, म्हणजे चढ अर्धाच इंच. पण नुसत्या हातांच्या जोरावर अंग उचलून बाजूला न्यायचं तर अर्धा इंचही अंगावर येतो, आणि मऊ गादीत तळहात रुतला की अर्धा जोर तिथेच जिरतो. गादी काढली. मग दिसलं की बाईंचा उजवा खांदा बळकट, त्यांना उजवीकडे सरकणं सोपं. पण त्यासाठी खुर्ची जिथे लागायला हवी, नेमकं तिथे सोनोग्राफीचं मशीन उभं. खुर्चीला ३० बाय ४८ इंच मोकळी जागा लागते. मशीन पायथ्याशी नेलं.

खुर्ची टेबलाला तिरकी लावली, दोन्ही ब्रेक लावले, खुर्चीचा टेबलाकडचा हात (आर्मरेस्ट) काढून घेतला, पाय फूटरेस्टवरून जमिनीवर आले. तेवढ्यात टेबलावरचा कागद दिसला. गुळगुळीत रेक्झिनवरचा हा कागद भार पडताच सुरकुततो आणि माणसासकट सरकतो. तो काढून चादर घातली, कडा खाली घट्ट खोचल्या. त्यानंतर बाई ट्रान्सफर बोर्डवरून, म्हणजे खुर्ची आणि टेबल यांच्यामध्ये ठेवायच्या गुळगुळीत फळीवरून, एका दमात पलीकडे गेल्या. कुणी उचलायला लागलं नाही.

सोबत बारा वर्षांचा मुलगा होता. तंत्रज्ञ त्यालाच म्हणाला, ‘आईला सांग, श्वास रोखून धर.’ तिथे मी थांबवलं. लहान मुलाकडून दुभाष्याचं काम तातडीच्या, जिवावरच्या प्रसंगीच आणि दुसरा दुभाषी मिळत नसेल तरच करून घेता येतं, असा नियम आहे. आणि नियम नसता तरी, आईच्या पायात गुठळी आहे ही बातमी तिला सांगायचं ओझं पोरावर टाकायचं नसतं. लिहून दाखवू, हेही पुरत नाही. सांकेतिक भाषेचं व्याकरण वेगळं, अनेकांना इंग्रजी ही दुसरी भाषा.

व्हिडिओ सुरू झाला तो अडखळत. बोलण्यात शब्द तुटला तर अंदाज बांधता येतो. इथे बोटं पडद्यावर गोठली की अख्खं वाक्यच जातं. वायफाय सोडून भिंतीतल्या पॉइंटची केबल लावली, चित्र स्थिर झालं. पडदा पायथ्याशी उभा होता, झोपलेल्या माणसाला तो दिसणारच नाही. वळणाऱ्या दांड्यावर घेऊन छातीच्या बाजूला आणला, बाईंचा चेहरा आणि दोन्ही हात कॅमेऱ्यात येतील असा. मग तंत्रज्ञाने सवयीने दिवा बंद केला. दुभाष्याला बाईंचे हात दिसेनात. मशीनचा पडदा नीट दिसण्यासाठी अंधार हवा आणि बोलायला उजेड हवा, असा हा पेच. लहान दिवा बाईंच्या छाती-हातांवर पडेल आणि मशीनच्या पडद्यावर चमकणार नाही, असा लावला. तरीही काय काय होणार ते सगळं आधीच सांगून खुणा ठरवल्या: खांद्यावर एक टिचकी म्हणजे पडद्याकडे बघा, दोन म्हणजे श्वास रोखा. दाबून पाहताना जांघेपासून खाली जायचं, पोटरीला हात लागलेला त्यांना कळणार नाही, हेही सांगितलं.

गुठळी निघाली. त्यावरच्या एनॉक्सापॅरिन या रक्त पातळ करणाऱ्या इंजेक्शनचा डोस वजनावर ठरतो, साधारण किलोला १ मिलिग्रॅम, दर १२ तासांनी. रेकॉर्डमध्ये ८२ किलो होतं. सकाळी काट्यावर हातमोज्यांची खोकी रचलेली, म्हणून नर्सने जुनाच आकडा उतरवला होता. सरकारी निधी घेणाऱ्या दवाखान्यांनी असं किमान एक टेबल आणि असा एक काटा ८ जुलै २०२६ पर्यंत ठेवावा, असं २०२४ च्या नियमात लिहिलंय; पण काट्यावर खोकी रचू नका, हे कोणत्या नियमात लिहायचं? खोकी हलवून, मागची पिशवी काढून, बसायच्या उशीसकट रिकाम्या खुर्चीचं वजन घेतलं: १६.५ किलो.

परतताना टेबल खुर्चीपेक्षा इंचभर वर घेतलं, म्हणजे उतार मिळतो. बाई बसल्यावर काटा ८४ वर थांबला. वजा करून ६७.५. साडेचौदा किलोंचा फरक, आणि तोही रक्त पातळ करणाऱ्या औषधात.

रेकॉर्डमध्ये ठळक अक्षरांत टाकलं: उजवीकडे सरकतात, खुर्ची १६.५ किलो, पिशवी काढून. केबल लावूनच व्हिडिओ. उजव्या हाताने बोलतात, सलाईन डाव्या हाताला.